बदकाचा गुडघा

…हसा, हसा तुम्ही! सगळे हसून झालेत, तुमचाच तेवढा नंबर राहिला होता. आमच्या ऑफिसातली झाडून सगळी माणसं हसली. परवा लिफ्टमध्ये एक अनोळखी गृहस्थ माझ्याकडे बघून हसले… म्हणजे ते कानात काहीतरी घालून ऐकत होते, त्यालाच हसले असतील, पण तुम्हाला सांगतो, माणूस एकदा शरमला ना, की त्याला भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा दात दिसायला लागतात! आणि माझा गुन्हा काय? कुणाचा गळा कापला नाही, बँक लुटली नाही… बदक केलं. बदक हो, नुसतं बदक!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी लहान मुलांची चित्रांची पुस्तकं करतो. पूर्वी सुखाचे दिवस होते. ससा काढायचा, त्याला निळी विजार घालायची, खाली दोन ओळी लिहायच्या, पुस्तक छापायला! सशाच्या पाठीमागं काय आहे हे कुणी विचारत नव्हतं. पण आमच्या प्रकाशकबाई एका प्रदर्शनाला जाऊन आल्या आणि येताना एक शब्द घेऊन आल्या, ऑगमेंटेड रिअॅलिटी. म्हणजे काय, तर पुस्तक टेबलावर उघडायचं, त्याच्यावर टॅबलेट धरायचा आणि टॅबलेटच्या काचेत बघायचं. टेबल तेच, पान तेच, बाजूला पडलेला तुमचा खोडरबर तोच, आणि मधोमध पानावरचा ससा वीतभर उंच उभा! चालतोय, बोलतोय, तुम्ही टॅबलेट मागं नेलात तर त्याची शेपटीसुद्धा दिसते. प्रकाशकबाई म्हणाल्या, आता आपण हेच करायचं. मी म्हटलं, बाई, माझी हयात ब्रश धरण्यात गेली. त्या म्हणाल्या, शिकाल.

शिकलो. काय करता! आणि शिकताना कळलं की मूल नावाचा प्राणी कधी एका जागी बसतच नाही. टॅबलेटचा कॅमेरा पानावरचं चित्र ओळखतो, ओळखलं तर तिथं ससा उभा करतो. मूल पुस्तक फिरवतं, ससा आडवा. मूल टॅबलेट खिडकीकडं नेतं, ससा पडद्यावर. मूल पानावर हात ठेवतं, चित्र झाकलं जातं, कॅमेऱ्याला काही ओळखू येत नाही, ससा खलास! मग मी काय केलं, पहिल्याच पानावर ठळक छापून टाकलं, 'पानावर हात ठेवू नये.' छापलं आणि निर्धास्त झालो. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी सूचना छापून निर्धास्त होणारा माणूस तुम्ही बघितलाय का? बघून घ्या, समोर उभा आहे.

तर पुस्तकाची गोष्ट साधी होती. एक म्हातारी बदकीण तळ्यावर निघते. बदकआजी. दर पानावर दमते, बसते, पुन्हा उठते, पुढं जाते. आणि आजूबाजूला मी काय काय केलं होतं म्हणून सांगू! उडणारे मासे, पानातून वर येणारा चंद्र, खरा वाटेल असा पाऊस… त्या पावसावर मी डोळे फोडून घेतले. पण बदकीण काही केल्या जिवंत होईना. आमचा अॅनिमेटर म्हणजे कसा, शब्दाशब्दाला कर बसत असल्यासारखा बोलणारा. माझ्याकडं न बघता म्हणाला, "चाल खोटी आहे. खरी आण." मी म्हटलं, कुठून आणू? म्हणाला, "व्हिडिओ."

आता खरं बदक बघायला मी बागेतल्या तळ्यावर गेलो. पण खरं बदक बसताना कण्हत नाही हो! उठताना ते नुसतं उठतं. दुपारभर उन्हात उभा राहून घरी आलो, चपला काढतोय, तर समोरून… सासूबाई.

सासूबाई आमच्याकडंच असतात. सासरे गेल्यापासून. खोलीतून निघायच्या तर एक हात भिंतीला, एक कमरेवर, एक पाय नीट पडतो, दुसरा त्याच्या मागून फरफटत येतो, आणि सगळा देह असा या बाजूहून त्या बाजूला… वाटेत खुर्ची दिसली की बसणार. आणि उठताना दोन्ही तळवे गुडघ्यांवर, नजर फरशीकडं, आणि स्वतःलाच, अगदी हळू नाही, मोठ्यानंही नाही, "ऊठ बाई, तुझी तूच!" आणि उठणार. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की ऐकूच येईनासं झालं होतं. त्या दिवशी ऐकू आलं. आणि माझ्या मनात काय आलं? त्यांना हात द्यावा असं आलं? नाही हो! माझ्या मनात आलं, सापडलं!

मी मोबाईल असा धरला, जसं काही मला मेसेज वाचायचाय, आणि मागून, जरा बाजूनं, त्यांची चाल टिपली. चोरून नाही… बरं, चोरूनच. दुसऱ्या दिवशी अॅनिमेटरला दाखवली. तो पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसला. म्हणाला, "सोनं आहे." कोण आहेत, म्हणून विचारलं त्यानं. आणि मी म्हटलं, आहेत एक ओळखीच्या.

ओळखीच्या! ज्यांच्या हातचं रोज जेवतो त्या, माझ्या पोरीला ज्यांनी मांडीवर वाढवली त्या… ओळखीच्या एक!

आणि एवढ्यावर भागलं असतं तर बरं. आवाज कुणाचा द्यायचा, तर मी म्हटलं, मीच देतो. रेकॉर्डिंगच्या खोलीत उभा राहिलो, तळवे गुडघ्यांवर, कंबर वाकवली आणि… "ऊठ बाई, तुझी तूच!" काचेपलीकडची माणसं पोट धरून हसली. जेवणाच्या सुट्टीत फर्माइशी यायला लागल्या. मीपण काय, दोन टेबलांच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायचो. इतक्या वर्षांत माझ्या सशाला कुणी टाळी दिली नव्हती हो, चढली मला ती!

बायकोनं एकदा टेबलावर चित्र बघितलं. बदकिणीच्या डोक्यावर लहानसा अंबाडा, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा. बराच वेळ बघून म्हणाली, हे कोण आहे? मी म्हटलं, बदक. ती म्हणाली, आईसारखं वाटतंय. मी असा काही हसलो, असा काही आश्चर्यचकित झालो, की नाटकात कामच करायला हवं होतं मी. म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच. बदक आहे गं ते, नुसतं बदक! ती म्हणाली, बघ हं. या दोन शब्दांत किती भरलेलं असतं हे लग्न झालेल्यांना सांगायला नको.

आता पुस्तक झालं की परीक्षण. म्हणजे खरी मुलं बोलवायची, त्यांच्या हातात पुस्तक आणि टॅबलेट द्यायचा, आणि एक बाहेरच्या बाई येऊन बघणार, की मुलं कुठं बघतात, कुठं कंटाळतात, गोष्ट कळते का. या परीक्षणाच्या बाई कशा, तर चेहऱ्यावर काही म्हणून उमटू द्यायचं नाही. मूल खूश झालं तरी तशाच, मूल टेबलाखाली गेलं तरी तशाच. "तुला. काय. दिसलं?" मुलाच्या तोंडात उत्तर घालायचं नाही म्हणून प्रश्नसुद्धा असा धुऊन पुसून ठेवलेला. आणि एक कागद, त्यावर चेहरे काढलेले, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. पुस्तक कसं वाटलं, त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. सगळी मुलं हसऱ्यावर बोट ठेवतात. एका पोरानं रडक्यावर ठेवलं. माझा जीव वर. का रे बाबा? तर म्हणाला, "त्याच्यावर कुणीच ठेवत नाही." आता याचा काय निष्कर्ष काढायचा, सांगा!

पण ते झालं नंतर. त्याआधी, आयत्या वेळी, एका मुलीला ताप आला. प्रकाशकबाई माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, तुमची मुलगी आहे की त्याच वयाची. मी म्हटलं, तिला चित्रांचा तिटकारा आहे. म्हणाल्या, तुमच्या टेबलावर तिनं काढलेली चित्रं लावली आहेत त्याचं काय? मी म्हटलं, ती जरा चंचल आहे. म्हणाल्या, मुलं चंचलच हवीत. भिंगरी म्हणतो आम्ही तिला, काही चुकीचं बोललो नव्हतो मी. पण गेली ना भिंगरी यादीत! आणि मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूस हवं, नियम, आणि ते माणूस पुस्तक करणारं नको. बायकोला रजा मिळेना. मग राहिलं कोण?

आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी इस्त्रीचे कपडे काढून खुर्चीवर ठेवले. मला म्हणाल्या, "जावयाचं काम कधी बघितलंच नाही मी. आता बघायला मिळेल."

 मनाची समजूत काढायला मी पक्का. म्हटलं, त्या मागं बसणार, चष्मा लांबचा की जवळचा यात त्यांचा नेहमी घोटाळा, टॅबलेट मुलांच्या हातात… काही कळणार नाही. आणि कळलं तरी काय, बदक आहे ते, नुसतं बदक!

झालं. दुसऱ्या दिवशी मुलं आत, परीक्षणाच्या बाई आत, आणि मी शेजारच्या खोलीत, मॉनिटरसमोर, बाजूला प्रकाशकबाई. आत कॅमेरा लावलेला, आम्हाला सगळं दिसतंय, ऐकू येतंय, पण आत जायचं नाही. मुलांची बुटकी टेबलं, बुटक्या खुर्च्या, आणि मोठ्या माणसांनासुद्धा भिंतीला लागून तशाच बुटक्या खुर्च्या. सासूबाई त्यातल्या एकीत बसलेल्या, गुडघे छातीशी आलेले, हातात भिंगरीची पाण्याची बाटली. बाईंनी टॅबलेटमधलं चित्र भिंतीवरच्या पडद्यावरही लावलेलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं हो! भिंतभर बदक!

पहिलं पान. बदकीण डुलत आली. पोरं फिदीफिदी हसायला लागली. आणि तुम्हाला सांगतो, सासूबाईसुद्धा हसल्या. मनापासून, तोंडाला पदर… बाटली लावून हसल्या. प्रकाशकबाई मला म्हणाल्या, बघा, आज्यांनाही आवडतंय. मी म्हटलं, हो ना.

मग बदकीण बसली. दोन्ही पंख गुडघ्यांवर ठेवले. फरशीकडं बघितलं. आणि माझ्या आवाजात म्हणाली, "ऊठ बाई, तुझी तूच!"

सासूबाईंचं हसू गेलं. एकदम नाही गेलं, जरा वेळ ओठांवर तसंच राहिलं, आत माणूस नसलेल्या घरात दिवा चालू राहतो ना, तसं. मग गेलं. त्यांनी बाटली दोन्ही हातांत धरली आणि पुढची सगळी पानं पडद्याकडं सरळ बघत बसल्या. मला वाटलं होतं त्यांना दिसणार नाही. चष्मा बरोब्बर लांबचा लावलेला होता.

पोरं तर नुसती उधळली होती. पान उलटलं की सगळी मिळून, ऊठ बाई तुझी तूच! मासे उडाले, कुणी बघितलं नाही. चंद्र आला, गेला. माझा पाऊस पडला, एक पोर म्हणालं, हे बाजूला करा, बदक दिसत नाही. आणि एकटी भिंगरी हसत नव्हती. ती टॅबलेटकडं बघायची, मागं वळून आजीकडं बघायची, पुन्हा टॅबलेटकडं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. परीक्षणाच्या बाईंनी आपल्या त्या आवाजात भिंगरीला विचारलं, "ही. बदकआजी. कोण आहे. असं वाटतं?"

भिंगरी म्हणाली, "ही माझी आजी आहे. बाबांनी तिला बदक केलंय."

मॉनिटरसमोर प्रकाशकबाई हळूच माझ्याकडं वळल्या. मी मॉनिटरकडंच बघत राहिलो.  बदक आहे हो ते, नुसतं… नाही आलं तोंडातून. 

पण अजून व्हायचं होतं. सगळं संपलं, बाई म्हणाल्या, आता घरच्यांनी मुलांना घ्यावं. बाकीची मंडळी उठली. सासूबाई त्या बुटक्या खुर्चीत. उठायचं म्हणजे काय करणार? त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. आणि खोलीतली सगळी पोरं गप्प झाली. त्यांना कळलं हो! डोळे विस्फारून बघायला लागली, आणि सासूबाई जरा पुढं झुकल्या मात्र, सगळ्यांनी एका सुरात, प्रेमानं, आनंदानं, अगदी जीव तोडून…

तुम्हीच म्हणा काय म्हणाली ते. मला म्हणवत नाही.

त्या थांबल्या. मुलांचं म्हणून होऊ दिलं. मग भिंतीला हात लावून, ओठ मिटून, एक शब्द न बोलता उठल्या आणि भिंगरीचं बोट धरून बाहेर आल्या. मी बोळात उभा. कुठं जाणार? एकच बोळ होता. समोर येऊन थांबल्या. मला वाटलं, बोलतील, रागावतील, आणि रागावल्या असत्या तर मी तिथंच पाय धरले असते. त्या म्हणाल्या, "तुमच्या बदकाचा डावा गुडघा दुखतोय. माझा उजवा दुखतो."

बस. एवढंच. आणि खरं होतं ते! पुस्तक डावीकडून उजवीकडं वाचतात, म्हणून बदकीण त्या बाजूला चालायला हवी, म्हणून अॅनिमेटरनं माझा व्हिडिओ आरशातल्यासारखा उलटा फिरवला होता. त्याला तरी कुठला गुडघा माहीत? आणि मला? त्याच घरात राहणाऱ्या मला, मागून चालत जाऊन व्हिडिओ काढणाऱ्या मला, कुठला गुडघा दुखतो ते माहीत नव्हतं.

संध्याकाळी बायकोला भिंगरीनं सगळं सांगितलं, तालासुरावर. बायको ओरडली नाही. भांडी आवरता आवरता, माझ्याकडं पाठ करून म्हणाली, की बाबा असताना आई कधी असं म्हणायची नाही. बाबा उठायचे आणि हात पुढं करायचे, ती हात धरून उठायची. सिनेमाला गेले तरी, दवाखान्यात बसले तरी. ते गेल्यावर पहिल्यांदा म्हणाली ती ते. आणि मग म्हणतच राहिली. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. बायको म्हणाली, तू विचारलं होतंस?

आणि त्या दिवसापासून घरात काय झालं सांगू? सासूबाई माझ्यासमोर चालायच्या बंद झाल्या. मी खोलीत शिरलो की त्या असतील तिथं बसून राहणार. स्वयंपाकघरात जायचं असेल तरी बसून राहणार, मी बाहेर गेलो की उठणार. बोलणं पूर्वीसारखंच, हो का, बरं, जेवून घ्या. पण चालणं बंद. मग मीच घरात कमी यायला लागलो. जिन्यात बसून राहायचो, म्हटलं त्यांना पाणी प्यायला तरी उठता यावं. शेजारच्यांना वाटलं मला बायकोनं बाहेर काढलं. मी म्हटलं, वाटू द्या, तेच बरं आहे.

ऑफिसात बैठक लागली. मी ठरवूनच गेलो होतो, बदक काढून टाका म्हणून सांगायचं. तर प्रकाशकबाई त्याआधीच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, निकाल स्पष्ट आहे, मासे काढा, चंद्र काढा, पाऊस काढा, बदक ठेवा. फक्त तुमच्या सासूबाईंची परवानगी आणा, ती नसेल तर पुस्तक निघणार नाही. घ्या! माझं सगळं कष्टाचं ते बाहेर आणि चोरलेलं तेवढं आत!

मग परीक्षणाच्या बाई म्हणाल्या, मला एक दाखवायचंय. आणि त्यांनी व्हिडिओ लावला. मी मान खाली घातली, म्हटलं, पुन्हा ते बुटक्या खुर्चीचं… ते नव्हतं. बाईंनी मुलांचे नुसते हात दाखवले. बदकीण बसली, उठायला लागली, की एका पोरीनं एका हातानं टॅबलेट धरला आणि दुसरा हात टॅबलेटच्या पाठीमागून पानावर नेला. बदकिणीजवळ. आणि पान झाकलं गेलं, बदकीण गायब. पोरगी दचकली. पुढं दुसरं मूल, तेच. तिसरं. ते रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवणारं पोर, त्यानं तर दोन्ही हात घातले, टॅबलेट आपटला. तोंडानं हसतायत, ओरडतायत, ऊठ बाई तुझी तूच, आणि हात मात्र पुढं!

बाई म्हणाल्या, "मुलं तिला हात देत होती. तुमच्या पुस्तकाला तो ओळखता आला नाही." चेहऱ्यावर काही नाही. पण आवाज जरा, म्हणजे मला तरी वाटलं, धुतलेला पुसलेला नव्हता.

आणि मी पुस्तकातल्या दोषांच्या यादीत काय लिहून ठेवलं होतं माहितीये? 'मूल पानावर हात ठेवते. उपाय: सूचना अधिक ठळक करणे.'

त्या दुपारी लवकर घरी आलो. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, भाजी निवडत. मी समोर स्टूल घेऊन बसलो. मी मुद्दे ठरवून गेलो होतो, ते सगळे बाजूलाच राहिले. म्हटलं, आई, माझं चुकलं. त्यांनी दोन काड्या मोडल्या. मग म्हणाल्या, "मुलं हसली त्याचं काही नाही. मुलं हसणारच, मी पण हसले. तुम्ही विचारलं नाहीत. एवढ्या वर्षांत काही विचारलं नाहीत, बदक करताना तरी विचारायचं."

 

मग मी परवानगीचं विचारलं. विचारताना कान गरम झाले, म्हणजे बघा, माफी मागायला आलोय की सही घ्यायला, माझं मलाच कळेना.  त्या म्हणाल्या, चाल ठेवा. अंबाडा ठेवा. गुडघा उजवा करा. पण ते वाक्य काढा. "ते माझं आहे."

काढलं. माझा आवाजही काढला. आता बदकीण काहीच बोलत नाही. बसते, दमते आणि नुसता पंख पुढं करून थांबते. आणि मुलानं पानावर हात ठेवला की कॅमेरा आता हातच ओळखतो. ती सूचनासुद्धा पहिल्या पानावरून उडवली. ते करायला अॅनिमेटरच्या आणि माझ्या नाकी नऊ आले. त्यानं तर मला एकदा सबंध वाक्य ऐकवलं, ते इथं सांगण्यासारखं नाही. मुलाचा हात आला की बदकीण त्याच्यावर पंख टेकते, आणि उठते. कुणी हात दिलाच नाही तर बसून राहते. गोष्ट पुढं जात नाही.

दुसऱ्यांदा परीक्षण केलं. तुम्हाला सांगतो, खोलीत इतकी शांतता मी मुलांची कधी ऐकली नाही. एकेक पोर हात पुढं करून श्वास धरून बसलेलं. बदकीण उठली की आपणच उठल्यासारखा सुस्कारा. परीक्षणाच्या बाई जाताना माझ्याकडं बघून हसल्या. हो, हसल्या! मी मागं वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का म्हणून. भिंगरी घरी जाऊन आजीला म्हणाली, आता ती तू नाहीस, आता ती नुसतं बदक आहे. नुसतं बदक! हे ऐकायला मी केवढा तडफडलो होतो, आणि ऐकलं तर काय, छातीत काहीतरी रिकामं झालं.

सासूबाई परत माझ्यासमोर चालायला लागल्यात. एकदम नाही, आधी दारापर्यंत, मग स्वयंपाकघरापर्यंत. काही न बोलता उठतात. ते वाक्य त्यांनी परत घेतलं, पण माझ्यासमोर वापरत नाहीत, आपल्या खोलीत वापरत असतील. मी त्यावर विचार करून करून शेवटी ठरवलं, की एवढीएवढी पोरं जे करतात ते आपल्याला का जमू नये?

कालची गोष्ट. दुपारची वेळ, त्या खिडकीशी बसलेल्या. पाय जमिनीवर टेकवले, तळवे गुडघ्यांकडं निघाले, मला कळलं, उठणार. मी वर्तमानपत्र बाजूला टाकलं, उठलो, दोन पावलं पुढं गेलो आणि त्यांच्यासमोर हात केला. असा. तळवा वर. काही बोललो नाही, म्हटलं, बदक काही बोलत नाही, आपण कशाला बोलायचं?

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आणि म्हणाल्या, "चहा अजून व्हायचाय."

त्यांचं काय चुकलं हो? या घरात माझा हात पुढं आला तो कपासाठी. तो दुसऱ्या कशासाठी येतो हे त्यांनी ओळखायचं कसं? मी काय म्हणणार होतो, नाही नाही, हा हात आहे? मी म्हटलं… बरं. आणि हात मागं घेतला. मग वाटलं, निदान चहा तरी आपण करू! गेलो ताडताड स्वयंपाकघरात, भांडं सापडलं, पाणी ठेवलं, गॅस लावला, आणि साखर कुठं असते ते कळेना. सगळी फडताळं उघडली. शेवटी विचारायला म्हणून बाहेर निघालो, तर त्या उठून, भिंतीला हात लावत, दारापर्यंत आलेल्याच होत्या.

"राहू द्या," म्हणाल्या, "मी करते."

मी बाजूला सरकून वाट दिली. तेवढं जमतं मला.